प्रकारबाईंची मागची भिंत

भाषेच्या क्लासच्या बाईंना मुलं पाठीमागे प्रकारबाई म्हणायची. समोर नुसतं बाई. त्यांच्यापुढे तुम्ही काहीही बोला, अगदी "बाई, डोकं दुखतंय" एवढंच म्हणा, त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "प्रकार कोणता?" वाक्याचा प्रकार, प्रयोगाचा प्रकार, अलंकार असेल तर अलंकाराचा. बरोबर सांगितलं तर डोकेदुखीची गोळी मिळते, चुकलं तर नुसतं पाणी, असं मुलं एकमेकांना सांगायची. खरं तर गोळी त्या दोन्ही वेळा द्यायच्या.

माझी मुलगी त्यांच्याकडे जायला लागली तेव्हा तिला नाम आणि सर्वनाम यांतला फरक सांगताना घाम फुटायचा. घरी तिला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती प्रत्येक घास गालात साठवून ठेवायची. शब्दांचंही तिचं तसंच होतं. आत भरपूर, बाहेर काही येईना. बाईंनी वर्षभरात तिला बोलतं केलं. उपमा, रूपक, कर्तरी, कर्मणी असं सगळं ती जेवताना, आंघोळीला जाताना, झोपेतसुद्धा बोलू लागली. याचं श्रेय बाईंचं आहे आणि ते मी आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचं आहे त्यात ते हरवून जाऊ नये.

बाई उंच आणि वाकलेल्या होत्या. उजव्या हाताची दोन बोटं खडूने कायमची पांढरी. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला, तरी दिवसातून अनेकदा तो शोधायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी आगाऊ पालकाने विचारलंच तर म्हणायच्या, "मी अव्यय आहे."

"म्हणजे काय हो बाई?"

"ज्याला लिंग, वचन, विभक्ती काही चिकटत नाही ते. तुमच्या मुलीला विचारा, कालच शिकवलंय."

क्लास सुरू करायच्या आधी त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. छापायला जाणाऱ्या प्रत्येक पानावरून त्यांची नजर फिरायची. छापखाना बंद पडला, मालकाने यंत्रं भंगारात काढली आणि बाई वडिलांच्या घरी परत आल्या. वडील तोवर गेले होते. घर थोरल्या भावाचं झालं होतं. त्यांना बाई दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. दादा पाणीखात्यातून निवृत्त झालेले. ते आणि वहिनी पुढच्या भागात वरच्या मजल्यावर राहत. बाईंना त्यांनी मागची बैठी खोली दिली होती. लांबट खोली, वर पत्रे, एकच दार. तिथेच दिवसा क्लास आणि तिथेच घडीची खाट टाकून झोपणं.

"क्लास चालतोय तोवर खोली तुझी," दादांनी सांगितलं होतं. "बंद पडला की मग बघू."

बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा हसत सांगितलं होतं. "'बघू' हा साधा भविष्यकाळ, खारूच्या आई. पण त्यात धमकी आहे. व्याकरणात धमकीला वेगळा प्रकार दिलेला नाही, ही मोठी उणीव आहे."

मी क्लासच्या बाहेर वऱ्हांड्यात बसून राहणारी आई. बाकीचे पालक मुलांना सोडून जात आणि सुटायच्या वेळी येत. मला ते जमत नाही. औषधाच्या दुकानाचे मालक, त्यांचा मुलगा खारूच्याच वर्गात, ते रोज मला टोमणा मारत. "काय ताई, पहारा चालू का? पगार किती देतात?" मी हसून घालवायची. बाईंनी तर माझं नावच ठेवलं होतं. मी म्हणायची, "बाई, पंख्याचा आवाज बरोबर येत नाही, कधीतरी मुलांच्या डोक्यावर पडेल." की त्या आतून मुलांना विचारायच्या, "खारूच्या आई काय बोलल्या? प्रकार?" आणि सगळी मुलं एका सुरात ओरडायची, "अतिशयोक्तीऽऽ!" खारू सगळ्यांत मोठ्यांदा.

क्लासचा एक नियम होता. तो मी इतर कुठल्या क्लासात पाहिला नाही. त्या खोलीत साधं वाक्य बोलायला बंदी होती. आल्याबरोबर प्रत्येकाने 'आजचं वाक्य' म्हणायचं, आणि ते नटवून म्हणायचं. "मला उशीर झाला" असं चालायचं नाही. "घड्याळ आज माझ्यावर रुसलं होतं" असं म्हणायचं. मग बाकीच्यांनी प्रकार ओरडायचा. जो आधी ओरडेल त्याला बाईंच्या खुर्चीत बसायला मिळायचं. मुलं त्या खुर्चीसाठी जीव टाकायची. हळूहळू असं झालं की कुणी काही बोललं तर ते काय बोललं हे कुणी ऐकेनासं झालं. सगळ्यांचे कान नुसते प्रकारावर.

मग दादांनी घरामागची मोकळी जागा विकली. घेणाऱ्याला तिथे उंच इमारत बांधायची होती आणि तिच्याखाली गाड्यांसाठी तळघर. खोदायचं यंत्र आलं. बाईंच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच खड्डा सुरू झाला. त्या भिंतीवर फळा होता. मुलं तिच्याकडे तोंड करून बसायची. खड्डा खोल होत गेला तसं त्यात पाणी लागलं, आणि ते उपसायला पंप बसवला. तो दिवसभर घुरघुरत राहायचा. बाई आवाज चढवून शिकवू लागल्या.

आधी फळा तिरका झाला. बाईंनी खाली कागदाची घडी सरकवून तो सरळ केला. दोन-चार दिवसांनी पुन्हा तिरका, पुन्हा घडी. मग मुलांना एक गंमत सापडली. बाकावर पेन्सिल ठेवली की ती आपोआप फळ्याच्या बाजूला चालू लागायची. मुलांनी तिच्या शर्यती लावल्या. आणि मग 'आजचं वाक्य' भिंतीवर येऊन बसलं, कारण रोज डोळ्यांसमोर तीच.

"भिंत आज पोटभर जेवून उठल्यासारखी दिसतेय," औषधवाल्यांचा मुलगा म्हणाला.

"उपमा! 'सारखी' आहे!"

"शाबास. पुढे?"

"भिंतीने जणू श्वास रोखून धरलाय."

"उत्प्रेक्षा! 'जणू' आलं!"

"पुढे. खारू, तू?"

माझी मुलगी उभी राहिली. "बाई, आम्ही काय बोलतो ते ऐकायला भिंत पुढे सरकतेय."

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "चेतनगुणोक्ती!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा! भिंतीला कान असतात असं सगळेच म्हणतात. हिने तिला पायही दिले."

वऱ्हांड्यात मीही हसले. पोरगी हुशार निघाली म्हणून ऊर भरून आला. उठून दारातून तिच्याकडे बघायला गेले आणि माझी नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे गेली. खारूच्या वाक्यात अलंकार नव्हता. भिंत खरोखरच पुढे आली होती. मध्यभागी तिला फुगवटा होता, आणि फळा त्या फुगवट्यावर अधांतरी टेकला होता. मुलांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. ती डोळ्यांनी जे बघत होती तेच बोलत होती. फक्त नियम पाळायचा म्हणून नटवून बोलत होती.

क्लास सुटायच्या आधीच मी वळसा घालून मागे गेले. खड्ड्याच्या काठावर मुकादम कंत्राटदाराशी फोनवर बोलत उभा होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले.

"भाऊ, भिंतीच्या इतकं जवळ खोदताय?"

"ताई, भिंत तुमच्या बाजूची, खड्डा आमच्या बाजूचा. ज्याचं त्यानं सांभाळायचं."

"आणि भिंत खड्ड्यात आली तर?"

"मग ती आमची!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "घाबरू नका हो. पूर्ण काळजी घेतली जात आहे."

वरून बघितलं तर आमच्या बाजूच्या भिंतीचा पाया उघडा पडला होता. जुने दगड, दातांच्या मुळांसारखे. त्यांच्याखालची माती ओली होती आणि पंपाच्या दिशेने बारीक बारीक निसटत होती.

मुलं गेल्यावर मी बाईंना गाठलं. त्या फळा पुसत होत्या.

"बाई, मुकादम म्हणतो, पूर्ण काळजी घेतली जात आहे."

"'घेतली जात आहे.' नवीन कर्मणी. कोण घेतंय ते सांगायचं नसलं की फार सोयीचा प्रयोग आहे तो."

"बाई, प्रयोग राहू दे. भिंत पुढे आलीय. मुलं रोज सांगताहेत तुम्हाला."

"सांगताहेत," त्या म्हणाल्या. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी त्यांचा हात थांबेना. "मला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला? आयुष्यभर दुसरं केलंय काय मी? छापखान्यात चूक दिसली की समासात खूण करायची. एकही सुटायची नाही. पण छापायचं की थांबवायचं ते मालक ठरवायचा. यंत्र थांबवायला मला कुणी कधी सांगितलं नाही."

"इथे मालक कोण आहे?"

उत्तर द्यायच्या आधीच दादा दारात आले. "कसली खलबतं?"

"भिंतीची," मी म्हटलं.

"प्लास्टर सुटलंय. जुनं घर आहे, प्लास्टर सुटायचंच." त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही. "आणि एवढी भीती वाटत असेल तर करा की क्लास बंद. मी कुठे अडवलंय? खोली मोकळी झाली तर मलाही हवीच आहे."

ते गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "व्याजोक्ती. खरं कारण झाकायला दुसरंच पुढे करणं."

"नाव कळलं. पुढे?"

बाई कोपऱ्यातली घडीची खाट, तिच्यावरची उशी आणि उशीवरचं पुस्तक यांच्याकडे बघत राहिल्या.

घरी मी म्हटलं, खारूला उद्यापासून पाठवायची नाही. खारूने रडून घर डोक्यावर घेतलं. परीक्षा तोंडावर होती. "सगळे जातात! माझीच आई अशी का?" हे म्हणाले, "तुला पेल्यातही वादळ दिसतं. दादा पाणीखात्यात होते, त्यांना कळत नसेल?" मी औषधवाल्यांना सांगून पाहिलं, तेही हसले. शेवटी बाईंकडे जाऊन एवढंच मागून घेतलं की बाकं भिंतीपासून लांब, दाराजवळ ओढायची. बाईंनी लगेच ओढली. त्यांना निमित्तच हवं असल्यासारखं. मुलं दाराशी दाटीवाटीने बसू लागली. फळा लांब गेला, तर बाईंनी अक्षरं मोठी केली. आणि मी माझं स्टूल वऱ्हांड्यातून उचलून उंबऱ्यावर ठेवलं. भिंतीवर लक्ष ठेवायला दुसरं होतं कोण? बाई शिकवताना मुलांकडे बघायच्या, म्हणजे भिंतीला पाठ. भिंतीकडे बघत असायची ती मी आणि मुलं. आणि मुलांना तिच्यात अलंकार दिसायचे.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी पंप बंद होता. इतक्या दिवसांनी शांतता. बाईंना बरं वाटलं. "आज घसा मोकळा ठेवून शिकवता येईल," म्हणाल्या. वाक्यांचे प्रकार चालले होते. विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी. बाई फळ्यावर 'आज्ञार्थी' लिहीत होत्या. 'ज्ञा' लिहिताना खडू त्यांच्या हातातून निसटला. खडू भिंतीनेच ढकलला होता. त्या थांबल्या. फळ्याच्या वरून पांढरी धूळ सरळ रेषेत खाली येत होती. खडूची म्हणावी तर खूपच जास्त. बाईंनी तळवा भिंतीवर ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि वळल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"उठा," त्या म्हणाल्या. "सगळे बाहेर चला."

"आज्ञार्थीऽऽ!" अख्खा वर्ग ओरडला.

"नाही. खरंच. बाहेर जा, लवकर."

"आज्ञार्थी, बाई! तोच प्रकार!" औषधवाल्यांचा मुलगा खुर्चीकडे झेपावला. "मी आधी! मी आधी!" खुर्ची भिंतीजवळ होती.

"अरे, भिंत पडतेय!"

"अपूर्ण वर्तमान!"

"नाही, विधानार्थी! आत्ता वाक्याचे प्रकार चाललेत!"

"चेतनगुणोक्ती पण होईल!"

"'पडतेय'ला कशी होईल? निर्जीव वस्तू पडतेच की!" ही खारू. माझी खारू, हात वर करून, मान ताठ करून, बाईंनी शिकवलेलं सगळं बरोबर सांगत बसली होती.

मी तिच्याकडे धावले, पण मध्ये बाकं होती आणि बाकांत मुलं होती. कुणी जागचं हलेना. मुलं हट्टी नव्हती, वाईट नव्हती. ती अभ्यास करत होती. बाई तोंड उघडून उभ्या होत्या. मी पाहिलं, त्या शब्द शोधत होत्या. आणि त्यांच्याकडचा प्रत्येक शब्द मुलांना नावानिशी माहीत होता.

मग त्यांनी औषधवाल्यांच्या मुलाला खुर्चीतून खेचलं आणि त्याच्या थोबाडीत मारली. असा आवाज झाला की सगळे गप्प झाले. बाईंनी कधी पट्टीसुद्धा उचलली नव्हती. त्यांनी पुढचं बाक दोन्ही हातांनी उलटं केलं. आणि ओरडल्या. ते वाक्य नव्हतं, शब्द नव्हता, हाकही नव्हती. विहिरीत पडलेलं जनावर ओरडतं तसं काहीतरी होतं ते. केस सुटलेले, चष्मा लोंबकळतोय, पांढरी बोटं मुलांच्या अंगावर येताहेत.

मुलं पळाली. एकमेकांना तुडवत, रडत, माझ्या दोन्ही बाजूंनी दाराबाहेर गेली. भिंतीला घाबरून एकही मूल पळालं नाही. सगळी बाईंना घाबरून पळाली. खारू शेवटी राहिली होती. ती जागेवरच थिजली होती. बाईंनी तिला दंडाला धरून माझ्याकडे अक्षरशः फेकलं. मी तिला कवटाळून बाहेर आले. बाईंनी मागून येऊन दार ओढलं, कडी घातली आणि वऱ्हांड्याच्या पायरीखाली येऊन उभ्या राहिल्या.

आणि काहीच झालं नाही.

अंगणात मुलं हुंदके देत उभी होती. क्लास सुटायची वेळ होत आली होती, म्हणून पालक येऊ लागले. औषधवाले आले. मुलाच्या गालावर उमटलेली बोटं बघून त्यांचा चेहरा लाल झाला.

"बाई! मुलावर हात?"

"भिंत पडणार आहे," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट.

"कुठे पडलीय? दाखवा ना. आत तर मुंगीसुद्धा हलत नाहीये. दार उघडा, त्याचं दप्तर आत आहे, चष्मा आत आहे."

"आत कुणी जायचं नाही."

"ताई, तुम्ही सांगा यांना." ते माझ्याकडे वळले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भिंतीचं आधी बोललेली मीच. "म्हणजे दोघींनी मिळून पोरांना वेड लावायचं ठरवलंय. परीक्षा तोंडावर आणि यांचे खेळ चाललेत."

मी खारूला छातीशी धरून उभी होते. तिचा दंड सुजायला लागला होता. खरं सांगते, त्या शांततेत मलाही वाटलं, आपली चूक तर झाली नाही? सगळ्या आया आपापली मुलं चाचपत होत्या आणि बाईंकडे अशा नजरेने बघत होत्या की मला त्यांच्या शेजारी उभं राहायची हिंमत होईना. तरी राहिले.

गलबला ऐकून दादा जिन्यावरून खाली आले. "वेळेआधी सोडलास क्लास? हा काय तमाशा?"

"सोडला नाही. बंद केला," बाई म्हणाल्या.

"बंद म्हणजे?"

"कायमचा. खोली तुझी, दादा. पण आज तिच्यात पाय ठेवू नकोस."

दादांना हे अपेक्षित नव्हतं. बाईंना जायला दुसरी जागा नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?  औषधवाल्यांचा मात्र धीर सुटला. "तुमचं भावाबहिणीचं तुम्ही बघा. मला दप्तर द्या," म्हणत ते पायरीवर चढले. बाईंनी त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्यांना ढकललं. भला जाडजूड माणूस, पण तो धपकन मातीत बसला. कुणीतरी पोर घाबरत हसलं.

दाराची कडी वाजू लागली.

कुणी तिला हात लावला नव्हता. ती आपोआप खुळखुळत होती, आधी हळू, मग भरभर. पत्र्यांनी एक लांब किंकाळी दिली. मग जमिनीतून असा दणका आला की तो कानांआधी पायांना कळला. दाराच्या फटींतून धूळ पिचकारीसारखी बाहेर आली आणि अंगण दिसेनासं झालं. खोकल्याचा, रडण्याचा आवाज तेवढा येत होता. माझा हात खारूच्या केसांत होता. मी तो काढला नाही.

धूळ बसली तेव्हा दार चौकटीसकट वाकडं उभं होतं आणि त्यातून आरपार दिसत होतं. खड्डा, यंत्राची मान आणि पलीकडचं आभाळ. फळा नव्हता. बाकं नव्हती. बाईंची खाट नव्हती. पत्रे खड्ड्यात उतरले होते.

औषधवाले अजून मातीतच बसलेले. त्यांनी मुलाला ओढून मांडीवर घेतलं. मुलगा मोठा होता, मांडीत मावत नव्हता. ते बाईंना काहीही बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढच्याच आठवड्यापासून त्यांचा मुलगा दुसऱ्या क्लासला जाऊ लागला. इतरही गेले. त्या दिवशी बाईंनी जे रूप दाखवलं ते मुलांच्या डोळ्यांसमोरून जात नाही, असं आया म्हणतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा? खारूसुद्धा बाई समोर आल्या की अजून दचकते.

बाई आता आमच्याकडे राहतात. यांनीच त्यांच्यासाठी खाट आणली. बाई शिकवत नाहीत. फार बोलतही नाहीत, आणि बोलल्या तर दोन-तीन शब्दांत. पाणी द्या. गॅस बंद करा. खारूचं जेवण झालं? मी चुकून एकदा म्हणाले, "बाई, याचा प्रकार कोणता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

रोज संध्याकाळी मात्र त्या दादांच्या घराकडे जातात. मी त्यांना एकटं सोडत नाही, बरोबर जाते. खोदकाम काही दिवस थांबवण्यात आलं होतं, मग पुन्हा सुरू करण्यात आलं. पंप पुन्हा घुरघुरतो. मागची खोली गेल्यामुळे खड्ड्याची कड आता पुढच्या दुमजली भागाला भिडली आहे. बाई फाटकाशी उभ्या राहून वर हाक मारतात.

"दादा, खाली ये. वहिनीला घेऊन ये. घर सोड."

दादा खिडकीत येतात. "मागची खोली पडायचीच होती. पत्र्याची, कच्ची. हे घर पक्कं आहे, बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. आता यावर तू म्हणशील अतिशयोक्ती!" आणि हसतात.

"घर सोड, दादा."

"रोज रोज तेच काय म्हणतेस? जरा नटवून तरी सांग!"

बाई नटवून सांगत नाहीत. तेच शब्द, त्याच क्रमाने. अंगणाच्या फरशीवर एक भेग आहे. मी तिच्याकडे बघते. ती फाटकापासून सुरू होत नाही, घरापासून सुरू होते आणि फाटकाकडे येते. काल दादा हसून आत गेले, तशा वहिनी खिडकी लावायला आल्या. पल्ला चौकटीत बसेना. त्यांनी तो ओढला, पुन्हा ओढला, खांदा लावून ओढला. मग तसाच उघडा सोडला आणि खाली बाईंकडे पाहिलं.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "आत्ता ये."

वहिनींनी मागे वळून खोलीत पाहिलं. मग खिडकीत कुणीच नव्हतं. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. खाली येत होती की वर जात होती ते पंपाच्या आवाजात कळेना. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या राहिलो.